दोन बोटं जास्तीचा खोका

मास्तरांनी जन्मभर कपडे शिवले, लाकडाला कधी हात लावला नव्हता. पण त्या उन्हाळ्यात त्यांच्या डोक्यात स्पीकरचा खोका बनवायचं भूत शिरलं. आणि एकदा मास्तरांच्या डोक्यात काही शिरलं, की ते बाहेर काढायची कुणाची बिशाद!

कारण एकच, बायको. तिचं ऐकू येणं कमी होत होत पार गेलं होतं. पूर्वी दोघं दुकानात रेडिओ लावून बसायची. ते मशीनवर, ती शेजारी काजं-बटणं करत. आता रेडिओ बंद आणि दोघांचं बोलणंही. डॉक्टरांनी हात टेकले होते. मास्तरांना मात्र वाटायचं, चांगला घुमणारा, भारदस्त आवाज काढला तर एखादा तरी सूर तिच्यापर्यंत पोचेल. नाही पोचला तर? तो विचार ते मनाला शिवू देत नसत.

शेजारच्या सुताराने करवत दिली, प्लायवूड दिलं, वर टोमणेही दिले. मास्तरांनी खडूने फळ्या आखल्या, कोटाच्या बाह्या आखाव्यात तशा, आणि तंद्रीत कापत राहिले. दुपारच्या उन्हात भुसा तरंगत होता. सगळं दुकानच जागचं सुटून हलके हलके कुठेतरी चाललंय, असं त्यांना वाटत होतं. सरस लावला, खिळे ठोकले, जुन्या टीव्हीचा स्पीकर बसवला. पण खोका भिंतीतल्या ठरवलेल्या कप्प्यात जाईना. हाताच्या सवयीने प्रत्येक कडेला दोन बोटं शिलाईसाठी सोडली होती! सुतार पोट धरून हसला. लाकूड दुमडून शिवणार होतात का, म्हणाला.

झालं, खोका जमिनीवर आला, बायकोच्या बैठकीमागे. रेडिओची वायर जोडली, गाणं लागलं. रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली. ती मान खाली घालून काजं करत राहिली. मास्तरांनी आवाज आणखी वाढवला.

मग तिने अवघडलेली पाठ सहज मागे टेकली आणि सुई थांबली. ती वळली. फळीवर तळवा ठेवला, मग गाल. डोळे मिटले. गाणं संपलं तरी तशीच बसून राहिली. मग तिने मास्तरांना खुणेने जवळ बोलावलं आणि खोक्याच्या पलीकडच्या फळीवर बोट ठेवलं.

मास्तर गुडघ्यांवर बसले. तिने पुन्हा गाल टेकून डोळे मिटले. फळीला ओठ लावले. नुसतं तिचं नाव घेतलं.

"ऐकू काही येत नाही हो," ती डोळे न उघडता म्हणाली. "पण बोलत राहा."

मास्तर बोलत राहिले. एक गिऱ्हाईक दारात आलं, थोडं थांबलं आणि हाक न मारता परत गेलं.