चापाच्या बोटाचं माप

मांजरी गावच्या रस्त्यावर भर दुपारी बद्रीनाथ आणि त्याचा साथीदार कोयते नाचवत रिक्षांच्या काचा फोडत सुटले होते. पोलीस शिपाई शैला गव्हाणे त्यांना आडवी गेली, तेव्हा तिच्या हातात फक्त काठी होती. बद्रीनाथचा कोयता रसवंतीवाल्याच्या मानेवर उतरणार, एवढ्यात तिनं काठी टाकली आणि उजव्या हातानं पातंच धरलं.

"सोड, न्हाय तर हात ऱ्हायचा न्हाय!" असं ओरडत त्यानं कोयता हिसकला. तळहात उभा फाटला, अंगठ्याच्या बेचक्यातलं मांस लोंबायला लागलं. शैलानं डाव्या हातानं त्याची कॉलर धरली आणि आपलं कपाळ त्याच्या तोंडावर आपटलं. त्याचे दोन दात पडले. साथीदारानं तिच्या कमरेत लाथ घातली तेव्हा कुठे बद्रीनाथ सुटला आणि दोघं उसात पळाले. रसवंतीवाला वाचला.

तेवीस टाके पडले. आठ महिन्यांनी ती कामावर परतली आणि हट्टानं तपास पथक मागून घेतलं. तिथं पिस्तूल चालवता येणं सक्तीचं होतं.

सरावाच्या पहिल्याच दिवशी प्रत्येक गोळीचा धक्का थेट त्या व्रणावर बसला. सहाव्या गोळीला बेचकं उकललं आणि रक्तानं मूठ निसटायला लागली. नेमबाजी शिकवणारे गोपाळकृष्ण साहेब शांतपणे म्हणाले, "अहो बाई, पिस्तुलाला तेल देतात, रक्त नाही. हातमोजे आणा, नाहीतर फायली लावायला बसा."

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याचे मोटरसायकलचे मोजे घालून आली. बोट इतकं जाड झालं होतं की ते चापाभोवतीच्या कडीत शिरताच चाप आपोआप दाबला गेला. गोळी तिच्याच पायापुढच्या मुरमात घुसली, खडे नडगीवर उडाले. साहेबांनी तिच्या हातातून पिस्तूल काढून घेतलं.

"हे मोजे बुलेट चालवायचे आहेत. बुलेट झाडायचे नाहीत."

ती थेट बुधवार पेठेत गेली. तिथल्या बोळात मैनुद्दीनचाचांचं चामड्याच्या कामाचं जुनं दुकान होतं. चाचांनी तिचा हात उजेडात धरला आणि तिला हातोड्याचा दांडा आवळून धरायला सांगितलं.

"कुठं सलतंय बेटी?"

"बेचक्यात. आणि चापाच्या बोटाला स्पर्श कळलाच पाहिजे चाचा, नाहीतर माणूस मरेल."

चाचांनी बकरीचं पातळ कातडं निवडलं, बेचक्यात दुहेरी पट्टी घातली, शिवण व्रणापासून लांब बाहेरच्या अंगाला घेतली आणि चापाच्या बोटाचं शेवटचं पेर उघडं ठेवलं. पहिली जोडी आवळ झाली, बोटं बधिर पडली. चाचांनी न कुरकुरता ती उसवली. दुसऱ्या जोडीनं शैलानं चाळीस गोळ्या झाडल्या. रक्ताचा थेंब आला नाही. ती पास झाली.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी खबर आली, की फरार बद्रीनाथ मांजरीतल्या अर्धवट बांधलेल्या इमारतीत लपलाय. शैला आणि तिची जोडीदार नम्रता साध्या वेशात पहिल्या जिन्यावर चढल्या, तोच तो खांबाआडून झेपावला. पहिला घाव नम्रताच्या खांद्यावर बसला. हाडावर पातं आदळल्याचा आवाज शैलाला स्पष्ट ऐकू आला.

"टाक कोयता!"

त्यानं दुसरा घाव उगारला. शैलानं गोळी झाडली. गुडघा फुटून तो कोसळला, तरी सरपटत नम्रताच्या पायावर वार करू लागला. शैलानं बूट त्याच्या मनगटावर ठेवला आणि कोयता सुटेपर्यंत दाबला. मनगट मोडलं. मग तिनं स्वतःची ओढणी नम्रताच्या जखमेत कोंबली आणि गाडी येईपर्यंत दाबून धरली.

आठवड्यानं दवाखान्यात नम्रतानं विचारलं, "तुला काय झालंय? जेवत का नाहीस?"

"मला त्याच्या कपाळात गोळी मारायची होती, नमे. नेम तिथंच होता. मग हात खाली आला. कसा, ते मलाही ठाऊक नाही."

"बरं झालं," नम्रता म्हणाली. "कोर्टात त्याच्याकडे बोट दाखवायला मला तो जिवंत हवाय."

ते बोट तिनं डाव्या हाताचं दाखवलं. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. बद्रीनाथला दहा वर्षांची शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी दोघी कोर्टाबाहेर उसाचा रस प्यायल्या आणि ड्युटीवर गेल्या.