लाल दिवा बंद असतानाचा तास

वर्गाच्या मागच्या भिंतीवर कॅमेरा होता. त्याचा लाल दिवा लागला की पोरं पेनं खाली ठेवायची आणि दिवा विझला की उचलायची. बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटेल. आमच्याकडं तेच सुलट होतं.

सोलापुरात बसून परदेशातल्या विद्यापीठाची पदवी, असा आमचा अभ्यासक्रम. पदवीवर शिक्का तिकडचा, स्लाइड्स तिकडच्या, प्रश्नपत्रिका तिकडची. इकडचं काय, तर ऊन आणि मी. कारखान्यात काम कसं पुढं सरकतं, कुठं अडतं, असलं व्यवस्थापन मी शिकवायचे. नियम सरळ होते. सगळा तास इंग्रजीत. स्लाइडवरचा शब्द बदलायचा नाही. तासाचं रेकॉर्डिंग तिकडं जाणार. वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवसाचं रेकॉर्डिंग तिकडच्या एक बाई बघणार आणि मी त्यांच्या विद्यापीठाची मान्य शिक्षिका राहायची की नाही ते सांगणार.

एवढं काय त्यात, असं कुणालाही वाटेल. पण त्याआधी बारा वर्षं मी तासिका तत्त्वावर काढली होती. तीन कॉलेजं आणि एक स्कूटी. स्टाफरूममध्ये कायमच्या लोकांच्या खुर्च्या ठरलेल्या असायच्या, मी खिडकीच्या कट्ट्यावर टेकायचे. एकदा चुकून एका सरांच्या खुर्चीत बसले, तर ते काही न बोलता माझ्या अगदी शेजारी उभे राहून पेपर वाचायला लागले. मी उठेपर्यंत ते वाचत राहिले. इथं मात्र मला खोली मिळाली, खुर्ची मिळाली आणि दारावर माझ्या नावाची पाटी लागली. आई गावाहून, केमहून आली तेव्हा तिला मुद्दाम दाखवायला नेलं. तिनं पदरानं पाटी पुसली आणि म्हणाली, "लई झ्याक हाय की गं." त्या पाटीसाठी मी इंग्रजीत काय वाट्टेल ते बोलले असते.

आणि बोलतच होते. स्लाइडमध्ये कायम एक कॉफीचं दुकान असायचं. दुकानात रांग लागलीय, गिऱ्हाईक ताटकळलंय, आता सांगा काम कुठं तुंबलं? अहो, आमच्या पोरांनी जन्मात कॉफीसाठी रांग लावलेली नाही. टपरीवर उभं राहिलं की चहा आपणहून हातात येतो. मी दहा मिनिटं ते दुकान चालवायचे, मग लॅपटॉपवरचं बटण दाबून रेकॉर्डिंग थांबवायचे आणि म्हणायचे, "हं, आता माणसांत येऊ या." पेनं उचलली जायची. मग चादर, टॉवेल, माग, रिक्षा, सिव्हिलची ओपीडी, जे हाताला लागेल त्यातनं शिकवायचं. कधी मराठीत, कधी दखनीत. तेलुगू मला येत नाही, ते पोरं एकमेकांना सांगायची. शेवटची पाच मिनिटं परत बटण, परत लाल दिवा, परत कॉफी. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार. संचालक सरांना ठाऊक होतं. त्यांनी डोळ्यांवर कातडं ओढलं होतं, कारण वर्ग पास होत होता.

तपासणीच्या दिवशी मात्र मी ठरवून गेले होते. पूर्ण तास इंग्रजीत, बटणाला हात लावायचा नाही. साडीसुद्धा इस्त्रीची. पोरांनाही सांगितलं होतं, आज मान हलवत बसा, समजल्यासारखं करा. ती बिचारी हलवत होती. पहिल्या बाकावर कुंभारी गावची एक मुलगी बसायची. तिची आई घरी मशीनवर टॉवेलच्या कडा शिवते. ही पोरगी इतकी नेमानं मान हलवत होती की मला ते बघवेना. एक अक्षर तिच्या डोक्यात जात नव्हतं आणि ती माझ्यासाठी मान हलवत होती. माझं टाळकं सरकलं. म्हटलं, दोन मिनिटं फक्त. बटण दाबलं.

"तुझ्या घरी टॉवेल येतात कुठनं?" मी तिला विचारलं.

ती उठली, फळ्यापाशी आली आणि खडू घेऊन सुताच्या कांड्या भरण्यापासून सुरू झाली. मग माग, मग कापणी, मग तिच्या आईचं मशीन, मग घडी आणि गठ्ठा. मागावर माल भराभर निघतो, लाइट असेपर्यंत. पण शिवायला गल्लीत बायका किती? चार. तिनं आईच्या मशीनभोवती गठ्ठ्यांची एवढी मोठी रास काढली की आईला जागाच उरली नाही. "मॅडम, हितं तुंबतंय," ती म्हणाली, "आणि मालक रोज मागवाल्यांवर ओरडतो."

वर्ग हसला. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, मग आणखी एक माग घातला तर काय होईल? ती म्हणाली, "आमची आई मरंल." त्यावर जो वाद पेटला तो तास संपेपर्यंत विझला नाही. तेलुगूत, मराठीत, मधेच इंग्रजीत, आणि मुख्य म्हणजे बरोबर. पुस्तकातलं अख्खं प्रकरण त्यांनी माझ्यासमोर आपलं आपण बांधलं. इतक्या वर्षांत असा तास माझ्याकडनं झाला नव्हता. मला आनंद झाला होता, हे मी कबूल करते.

घंटा झाली. मी मागच्या भिंतीकडं बघितलं. दिवा विझलेला होता.

बटण परत दाबायचं मी विसरले होते. रेकॉर्डिंग अकरा मिनिटांचं. ते आपोआप तिकडं गेलेलंही होतं. मी फळा पुसला. हात पुसले. स्कूटीला किक मारली आणि घरी आले. काय वाटलं म्हणाल तर काही नाही. भाजी निवडली.

पंधरा दिवसांनी दुपारी मीटिंग झाली. संचालक सरांच्या केबिनमध्ये ते आणि मी, आणि पडद्यावर त्या बाई. मला वाटलं होतं तशा त्या खाष्ट अजिबात नव्हत्या. अकरा मिनिटं छान आहेत म्हणाल्या. मग विचारलं, उरलेला तास कुठं आहे? संचालक सर चटकन म्हणाले, तांत्रिक बिघाड झाला. बाईंनी मान डोलावली. मी गप्प बसले असते तर तिथंच मिटलं असतं.

मी म्हणाले, "बिघाड नाही. मी बंद केलं. मुलांना कळत नव्हतं."

मग कुठल्या भाषेत शिकवलंत, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, दोन मला येतात, तिसरी मुलांनी आणली. त्यांनी ते लिहून घेतलं. आभार मानले. पडदा काळा झाल्यावर संचालक सर म्हणाले, "मॅडम, तुम्हाला कुणी विचारलं होतं हो?" रागावले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. मलाही नव्हतं.

पत्र आलं ते अतिशय सभ्य होतं. सगळ्या विद्यार्थ्यांना सारखंच शिक्षण मिळावं म्हणून यापुढं तास तिकडूनच रेकॉर्ड होऊन येतील. मी सत्र साहाय्यक. म्हणजे व्हिडिओ लावायचा, हजेरी घ्यायची, व्हिडिओ संपला की बंद करायचा. मधे थांबवायचा नाही, थांबवला तर नोंद होते.

"काढलं तर नाही ना तुम्हाला," संचालक सर म्हणाले. "खोली तीच, खुर्ची तीच, पाटीसुद्धा तीच. फक्त बोलायचं नाही."

मी सही केली. सोडून जाईन म्हणाले असते, पण मग परत स्कूटी आणि खिडकीचा कट्टा. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग तितं दिवसभर बसून करतीस तरी काय?" मी म्हटलं, बसते.

पहिल्या तासाला व्हिडिओ लावला आणि खुर्चीत बसले. पडद्यावरचे गृहस्थ चांगलं शिकवत होते, खोटं कशाला बोलू. कॉफीचं दुकान आलं. रांग लागली. पोरांनी सवयीनं पेनं खाली ठेवलेली होती. दहाएक मिनिटं झाली आणि काही न सांगता सगळ्यांनी पेनं उचलली. तीस-पस्तीस तोंडं पडद्यावरून माझ्याकडं वळली. मी हजेरीपट उघडला. हजेरी घेऊन झालेली होती.

पडद्यावरचे गृहस्थ बोलतच होते. कुंभारीची पोरगी हळूच म्हणाली, "मॅडम, बंद करा की."

इतके दिवस मला काही वाटलं नव्हतं. त्या क्षणी लाज वाटली. बटण हाताशीच होतं.

"पुढं बघ," मी म्हणाले आणि पडद्याकडं बोट केलं. तिनं पेन खाली ठेवलं, आणि मान हलवायला लागली.