उलट्या मुठीचं धनुष्य

माझ्या हातानं आयुष्यात एकच वस्तू बरी झाली, आणि ती चुकून झाली. हे मी चाळीस वर्षं कुणाला सांगितलं न्हाय. गावात अजून माझं नाव निघतं ते त्याच वस्तूपायी. लोक तारीफ करतात, मी मान खाली घालतो. त्यांना वाटतं, माणिकप्पा लई नम्र माणूस. नम्र कसला, लाज वाटते म्हणून मान खाली!

उमरग्यापासून दोन कोसांवर आमचं गाव. गोष्ट पंचेचाळीस सालची, निजामाच्या राज्यातली. माझं भुसारीचं दुकान. पुडी बांधावी तर माणिकप्पानं, असं तवा बायका म्हणायच्या, आणि तेवढ्यावर माझी कारागिरी संपायची. खिळा ठोकायला घेतला की बायको इरम्मा आधी हळद घेऊन शेजारी उभी राहायची.

आणि अशा माणसावर वेळ आली ती धनुष्यबाण करायची.

त्याचं असं झालं. आमच्या गावात दसऱ्याला शिवेवर आपट्याजवळ केळीचा खांब रोवतात. चाळीस पावलांवरून त्याला बाण मारायचा. बाण रुतला की मग लोक सोनं लुटतात, तोवर कुणी आपट्याच्या पानाला हात लावत न्हाय. हा बाणाचा मान आमच्या घराचा. वाण्याच्या घरात बाणाचा मान कसा आला, हे विचारू नका, मला पण ठाऊक न्हाय. पण नियम कडक. बाण तीन. तिन्ही चुकले तर मान पुढच्या घरात जाणार, आणि पुढचं घर म्हणजे आमचे चुलते चन्नबसप्पा. ते गेली वीस वर्षं याच आशेवर जगत होते.

त्यांची आशा पुरी होत नव्हती, कारण आमचे थोरले बंधू, मल्लिनाथ अण्णा. अण्णांचा पहिलाच बाण रुतायचा. दुसरा कधी भात्यातून बाहेर आलेला मी बघितला न्हाय. अण्णा हंगामात कापसाच्या जिनमध्ये मशीनवर कामाला जायचे. त्या वर्षी पौषात त्यांचा उजवा हात पट्ट्यात गेला. मधली तीन बोटं गेली, अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली.

घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असंल? खुंटीवरचं बापाचं धनुष्य काढलं, गुडघ्यावर मोडलं आणि चुलीत घातलं. कुणाशी बोलले न्हाईत. मग आतल्या खोलीत जाऊन बसले ते बसलेच. दहा महिने. जेवायचे तिथंच, डाव्या हातानं, भिंतीकडं तोंड करून. असला बोलका माणूस, बैलाशी सुद्धा गप्पा मारणारा! आमची अव्वा, म्हणजे आई, गंगम्मा, दाराशी ताट ठेवायची आणि पदर तोंडाला लावून परत यायची.

श्रावण सरला तशी अव्वा मला म्हणाली, "माणक्या, औंदा बाण तू मारायचास."

"अव्वा, मी?"

"मग काय म्हशीला पाठवू? मान गेला तर तुझा अण्णा त्या खोलीतून बाहेर यायचा न्हाय. माझ्या तुटक्या हातापायी मान गेला, असं धरून बसंल तो. कळतंय का तुला?"

कळत होतं. त्या दिवसापासून मला जेवण जाईना.

आता माझ्याविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. मी जन्माचा डावरा. आम्ही लिंगायत. पूजेला बसलं की लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आणि उजव्या हातानं पाणी, भस्म, बेल वाहायचा. मी लहानपणी नेमकं उलटं करायचो. अव्वाची पळी हातावर बसायची. "डावा हात लिंगाचा, उजवा कामाचा!" असं म्हणत म्हणत तिनं मला सुधारलं. जेवतो उजव्यानं, लिहितो उजव्यानं. पण ध्यान दुसरीकडं असलं की हात आपल्या मूळ गावाला जातो.

परसात कामाला सुरुवात केली. आधी निशाण. कडब्याच्या पाच पेंढ्या आवळून बांधल्या, तीन पायांच्या लाकडी तिकाटण्यावर उभ्या केल्या, मधोमध गेरूचा टिळा लावला. असं देखणं निशाण झालं की मीच चार पावलं मागं सरून बघत राहिलो. सकाळी उठून बघतो तर तिकाटणं उभं, निशाण गायब. म्हशीनं टिळ्यासकट खाल्लं होतं. आता ज्या परसात म्हैस बांधतो त्याच परसात कडब्याचं निशाण लावणारा माणूस साऱ्या मुलखात मीच असेन. मग गोणपाटात भुसा भरून ते टांगलं. मागं जुन्या वाकळा बांधल्या, बाण भिंतीवर आपटू नयेत म्हणून. माझे बाण त्या भिंतीपर्यंत जातील, ही माझीच समजूत.

बाण केले तुरकाठ्यांचे. वाकडे निघाले. मग ओढ्यातून बरू आणला. लढाई नुकतीच संपली होती, बाजारात खिळा मिळत नव्हता, म्हणून बैलाच्या खुराच्या पत्रीचे जुने खिळे ठोकून टोकं केली. राहिली पिसं. मी कुणाच्या तरी खुराड्यातून मूठभर कोंबड्याची पिसं आणली. अव्वानं उंबऱ्यातच अडवलं. "आपल्या घरात कोंबडं? बाहेर टाक आधी ते, आणि आंघोळ कर!" आंघोळ केली. पिसांच्या जागी पळसाची पानं बांधली. पानं वाळून गुंडाळली गेली आणि बाण हवेत गिरक्या घ्यायला लागला. शेवटी शेतात गळालेली मोराची पिसं शोधत दोन दिवस बांधाबांधानं हिंडलो. दुकान बंद. गिऱ्हाईक विचारायचं, माणिकप्पा कुठाय? इरम्मा सांगायची, "मोराच्या मागं गेलेत."

आता धनुष्य. चांगला पिकलेला बांबू आणला, विस्तवावर शेकून वाकवला, अंबाडीची दोरी वळली. मूठ मात्र मन लावून तासली. तीन दिवस कोयता चालवला. बोटं बसायला खाचा केल्या, बाण टेकायला खोबण केली, अव्वाच्या जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली. पट्टी जरा जास्तच झाली, मूठ जाडजूड झाली. पण हातात धरली की कशी बसायची! मला भरून आलं. म्हटलं, माणिकप्पा, तू कारागीर हायस, आजवर कुणी ओळखलं न्हाय.

आणि नेम धरायला लागलो. रीतीप्रमाणं धनुष्य डाव्या हातात, दोरी उजव्या हातानं ओढायची. एक बाण सरळ जाईल तर शपथ! मूठ हातात टिकेना, बाण खोबणीत बसेना. दोरी कोपराच्या आत सणकून बसायची. हाताचं वांगं झालं. एक बाण तर बाजूच्या भिंतीवरून पलीकडं गेला. शेजारच्या शांताक्का तो घेऊन दारात आल्या.

"माणिकप्पा, हा तुझा काय? आमच्या भोपळ्यात रुतला होता."

"माझाच, शांताक्का. चुकून आला."

"मग दसऱ्याला केळीऐवजी भोपळाच ठेवा की रे बाबा!"

हे सगळं चाललं होतं ते आतल्या खोलीच्या खिडकीसमोर. खिडकीचं एक दार थोडं उघडं असायचं. मी तिकडं बघायचं टाळायचो. ज्या माणसाचा बाण उभ्या जन्मात चुकला न्हाय, त्याच्यासमोर मी हा तमाशा रोज सकाळ-संध्याकाळ करत होतो. कधीकधी वाटायचं, जाऊन पाय धरावेत आणि म्हणावं, अण्णा, माफ करा.

नवरात्र बसलं त्या दिवशी अमीनसाहेब आले. अमीन म्हणजे तेव्हाचे फौजदार. कुणीतरी कळवलं होतं की माणिकप्पाच्या परसात हत्यारं तयार होतात. कोण असंल ते मी सांगत न्हाय, पण चन्नबसप्पा काका त्याच वेळी नेमके आमच्या दाराशी तंबाखू मळत उभे होते. निजामाच्या राज्यात बिनपरवान्याचं हत्यार म्हणजे थेट तुरुंग. अव्वा देवघरात जाऊन बसली.

साहेब बाजेवर बसले. धनुष्य उलटंसुलटं करून बघितलं. म्हणाले, "चला के दिखाव."

मी बाण लावला. डोळे मिटले. जोर लावून दोरी ओढली आणि सोडली. बाण माझ्याच पायापुढं टपकन पडला. दोरी कशी कोण जाणे, थेट नाकावर बसली. मी "अव्वा गं!" करून मटकन खाली बसलो. पुढं नाकातून रक्त, मागं म्हैस ओरडायला लागली.

अमीनसाहेबांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग उठले, जवानाला म्हणाले, "इसकू परवाना नै होना. इसकू हकीम होना." आणि निघून गेले.

तेवढ्यात हसू ऐकू आलं. मला वाटलं चन्नबसप्पा. पण ते तर तोंड पाडून उभे होते. हसू खिडकीतून येत होतं. आधी दाबून दाबून, मग मोकळं, खदखदून, ठसका लागेपर्यंत. अव्वा देवघरातून पळत आली आणि परसाच्या दारात थांबली. तिनं माझ्या रक्ताकडं बघितलं सुद्धा न्हाय. ती खिडकीकडं बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी पण रडलो. नाक दुखत होतं म्हणून, असं मी तवा सगळ्यांना सांगितलं.

अण्णा बाहेर आले. दहा महिन्यांनी उन्हात आले, म्हणून डोळे बारीक केले होते. "आण ते इकडं," म्हणाले. "पंधरा दिवस बघतोय. धनुष्य असं धरतात व्हय, गाढवा?"

त्यांनी धनुष्य हातात घेतलं. मूठ चाचपली. थांबले. परत चाचपली. मग उजवा हात, तो तुटका हात जो ते सदऱ्यात लपवून ठेवायचे, बाहेर काढला आणि मुठीवर ठेवला. अंगठा एका खाचेत बसला, करंगळी दुसऱ्या खाचेत. जाडजूड मूठ उरलेल्या तळव्यात गच्च बसली. डाव्या हातानं त्यांनी दोरी ओढून बघितली. बाणाची खोबण पण बरोबर त्याच बाजूला.

आणि तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. अहो, कोयता मी डाव्या हातानं चालवला होता! बांबू उजव्या हातात धरून तीन दिवस तासला, मग मूठ उजव्या हाताच्याच मापाची होणार की! सबंध धनुष्य डावऱ्याचं झालं होतं. माझे बाण का पडत होते, ते कळायला मला नाक फोडून घ्यावं लागलं.

मी सांगायला तोंड उघडलं. तोवर अण्णांनी माझ्याकडं बघितलं.

"माणक्या," ते म्हणाले, "माझ्या हातासाठी केलंस व्हय रे हे?"

मी तोंड मिटलं.

दसऱ्यापर्यंत आठ दिवस होते. पटक्याची पट्टी फाडून मी त्यांचा हात मुठीला बांधायचो आणि ते बाण सोडायचे. पहिल्या दिवशी भिंत, दुसऱ्या दिवशी वाकळ, पाचव्या दिवशी गोणपाट. बाण उचलून आणायचं काम माझं. त्यात मात्र मी तरबेज निघालो.

दसऱ्याला शिवेवर अख्खा गाव जमला. अण्णांनी सदऱ्यातून हात काढला, चारचौघांत, पहिल्यांदा. मी पट्टी बांधली. तोच चन्नबसप्पा काका पुढं झाले. "थांबा! देवाच्या कामाला डाव्या हातानं बाण? गावाला वर्षभर अशुभ! हे चालायचं न्हाय."

लोक कुजबुजायला लागले. अण्णांचा हात खाली आला. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. आता हा माणूस घरी जाणार, खोलीत शिरणार, आणि ह्या खेपेला कायमचा.

अव्वा बायकांतून पुढं आली. आपला डावा तळहात चन्नबसप्पांच्या नाकासमोर धरला.

"भावजी, सकाळी पूजेला बसता, तवा लिंग कुठल्या हातावर घेता?"

काका तंबाखू मळायला लागले.

"सांगा की! गाव ऐकतंय."

"डाव्या," काका म्हणाले.

"ज्या हातावर देव बसतो, तो अशुभ कसा? मार रे, मल्लिनाथ."

पहिला बाण खांबाला घासून गेला. दुसरा रुतला. असा रुतला की केळीतून पाणी गळायला लागलं. लोक सोन्यासाठी आपट्याकडं पळाले, आणि अण्णा तिथंच उभे राहून कुणाच्या तरी बैलाशी बोलत होते.

पुढं तेवीस वर्षं त्यांनीच बाण मारला. आणि दर दसऱ्याला, भेटेल त्याला सांगितलं, "आमच्या माणिकप्पानं माझ्या हातासाठी धनुष्य केलं. भाऊ असावा तर असा." दरवर्षी मी मान खाली घालायचो. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

गेल्या साली अण्णा आजारी पडले. अव्वा कधीच गेली होती. मी उशाशी बसलो होतो. म्हटलं, आता सांगून टाकावं, हे ओझं वर घेऊन जायचं न्हाय. "अण्णा," म्हटलं, "रागावू नका. ते धनुष्य मी तुमच्यासाठी केलंच नव्हतं. माझ्यासाठी केलं होतं. डाव्या हाताच्या सवयीनं उलटं झालं. चुकून झालं."

अण्णा छताकडं बघत होते.

"ठाऊक हाय," म्हणाले. "तुझ्या हातावर अव्वाची पळी बसायची, तवा शेजारी मीच बसायचो की. त्याच दिवशी सांजच्याला ध्यानात आलं माझ्या."

"मग चाळीस वर्षं गावभर सांगत का फिरलात?"

त्यांनी त्या दोन बोटांच्या हातानं माझं मनगट धरलं. पकड अजून मुठीवरची होती.

"धनुष्य चुकून झालं, व्हय," ते म्हणाले. "पण मी विचारलं तवा तू गप्प बसलास, ते काय चुकून?"