विमानाची बाही

बॉथेलहून, म्हणजे लेकीच्या अमेरिकेतल्या गावाहून, सकाळी आठला निघालो, मी आणि माझी लेक मधुरा. तिला शनिवारी सुट्टी होती आणि मला सफरचंदाच्या बागा बघायच्या होत्या. डोंगर ओलांडला आणि वॉशिंग्टन राज्याने रूपच पालटलं. हिरवीगार झाडी संपून तपकिरी, उघड्या टेकड्या सुरू झाल्या. वाटेत हकलबेरी-पाय (जांभळ्या, आंबटगोड रानफळाचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) खाल्ला आणि साडीवर सांडलाही.

पुढे एका छोट्या धावपट्टीशेजारी विमानांच्या संग्रहालयाची पाटी दिसली. आत गेल्या गेल्या मी थबकले. समोरच्या विमानाच्या पोटाखाली पिवळ्या-काळ्या पट्ट्या होत्या.

वॉल्टर नावाचे सत्तरीपुढचे स्वयंसेवक माहिती सांगू लागले. हे कॅनबेरा, ब्रिटिश बनावटीचं हलकं बॉम्बर. उतारवयात त्याला लक्ष्य ओढायचं काम मिळालं, त्या पट्ट्या त्याचीच खूण. लांब दोरीला स्लीव्ह (कापडाची निमुळती नळी) बांधून ते उडायचं आणि जमिनीवरचे तोफवाले सरावासाठी त्या नळीवर नेम धरायचे.

तशी एक नळी छताला टांगलेली होती. पुण्याजवळच्या कारखान्यात अकरा वर्षं मी त्या शिवल्या होत्या. आम्ही बायका त्यांना बाहीच म्हणायचो.

"मधुरा, ही उलटी लावलीय गं."

"आई, प्लीज! ते एक्सपर्ट आहेत."

"काय म्हणतायत त्या?" वॉल्टरनी विचारलं. मधुराने चाचरत सांगितलं. ते हसले. "इतकी वर्षं अशीच आहे ती."

माझे कान तापले. मी खाली लोंबणारी रुंद कड हातात धरली आणि मराठीतच सांगत सुटले. मधुरा भाषांतर करत राहिली. "ही कड चार पदरी आहे. वारा इथून शिरतो, सगळा ताण इथे येतो. निमुळत्या टोकाला एकच दुमड आहे. दोरी रुंद तोंडालाच हवी."

वॉल्टरनी चष्मा काढून नाक शिवणीला टेकवलं. मग शिडी आणली. बाही उतरवून, दोरी रुंद तोंडाला लावून शिडीला बांधल्यावर त्यांनी कोपऱ्यातला भला मोठा पंखा ओढत आणून तिच्या तोंडाशी लावला.

बाही फुगली, ताठ झाली आणि शेपटासारखी अशी हलली, की माहितीचा फलक आडवा झाला आणि वॉल्टरची टोपी उडाली. ते टाळ्या वाजवून हसत होते. मला मात्र रडू आलं. अकरा वर्षांत मी एकही भरलेली बाही पाहिली नव्हती. आमच्याकडे परत यायच्या त्या चिंध्या.

"कुणी शिवली असेल, असं कधी मनातच आलं नाही," वॉल्टर म्हणाले आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

परतताना घाटात गाड्या तुंबल्या होत्या.

"आई, मला वाटायचं तू पिशव्या शिवायचीस."

"मीच तसं सांगायचे. लोकांनी फाडायचं कापड शिवते, हे सांगायला कसंतरी वाटायचं."

मधुराने गाणी बंद केली. "मग आता नीट सांग. आधी कापायचीस कशी?"

बॉथेल येईपर्यंत मी सांगत होते. अमेरिकेत खूप काही नवं बघायला मिळेल, असं सगळे म्हणाले होते. मी तिथे माझंच काम पहिल्यांदा पाहिलं.