उलटा छापलेला गड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, अगदी बायकोलाही नाही. आज तुम्हाला सांगतो. पण थांबा, आधी ते चित्र सांगू द्या — त्याची नुसती आठवण आली तरी माझे हात शिवशिवतात!

मी भोरचा, चित्रकलेचा शिक्षक. लाकडी फळीवर चित्र कोरायचं, शाई फासायची, कागदावर ठसा उठवायचा — हा माझा तीस वर्षांचा नाद. म्हणून एका संस्थेनं आमच्या भागातल्या छापचित्रांचा कायमचा संग्रह करायचं ठरवलं, तेव्हा निवडीला मलाही बोलावलं. दोन परीक्षक पुण्याचे, तिसरा मी. नसरापूरच्या हॉलमध्ये टेबलांवर चित्रं मांडलेली, नावं झाकलेली, नुसते आकडे. किती हरखलो होतो म्हणून सांगू! नवा सदरा घालून गेलो होतो.

आणि एकतिसाव्या चित्रापाशी पाय थांबले. राजगड, आणि उतारावरून खाली येणारी मेंढरं. अहो, काय कोरलं होतं! गवताची पातीन् पाती वेगळी. यंत्र नाही, काही नाही — कागद फळीवर ठेवून चमच्याच्या पाठीनं घासलेला. त्यामुळं काळा रंग कुठं दाट, कुठं विरळ, आणि त्या विरळ जागेतून मेंढरांची धूळ उठलेली. मला तर वासही आला. हसू नका. खरंच आला!

आणि मग — कसं सांगू? — अंगाचा तिळपापड झाला. तोच गड मी तीस वर्षं कोरतोय. माझ्या हातून एकदा तरी असा उठावा की नाही?

पुण्याचे दोघे माना डोलवत होते. मी म्हणालो, गड उलटा आलाय.

ठशात असं होतं. फळीवर जे डावीकडे, ते कागदावर उजवीकडे. नवशिका हे विसरतो आणि अख्खा डोंगर उलटा छापतो. वेल्ह्याच्या बाजूनं पाहिलं तर संजीवनी माचीची लांब सोंड उजवीकडे दिसते. या चित्रात ती डावीकडे होती. पुणेकरांनी मोबाईलवर गडाचे फोटो शोधले, सगळे वेल्ह्याच्याच बाजूचे, ताडून पाहिलं आणि माझ्याकडे कौतुकानं बघितलं. इथलाच माणूस, त्याला कळणारच! चित्र बाजूला गेलं.

तर ऐका. गड उलटा नव्हता. आमच्या भोरच्या बाजूनं माची डावीकडेच दिसते. जन्मभर मी ती तशीच बघत आलोय. बोलताना विसरलो असेन, असं वाटतं तुम्हाला? छे. मला पक्कं ठाऊक होतं, आणि त्या हॉलमध्ये फक्त मलाच ठाऊक होतं.

चित्रं परत न्यायच्या दिवशी एकतिसाव्यासाठी सुमन आली. धनगरवाड्यावरची, पंचविशीतली. "सर, माजं काय चुकलं वं?" गड उलटा आलाय, मी सांगितलं. ती गोंधळली. "पर आमच्या वाड्यावनं तर गड आसाच दिसतोय की." त्यावर मी काय म्हणालो? म्हणालो, पुण्याच्या परीक्षकांचं तसं मत पडलं. एक खोटं पचलं होतं, दुसरं सहज निघालं.

पुढच्या निवडीत तिचं चित्र पुन्हा आलं. कोरणी लगेच ओळखली. गड आता वेल्ह्याच्या बाजूचा, टी-शर्टवर असतो तसा. मेंढरं नव्हती, कारण त्या बाजूला तिची मेंढरं चरतच नाहीत. रेघ स्वच्छ होती आणि चित्र मेलेलं होतं. ते घ्यावं म्हणून पहिला हात मी वर केला. आज ते संग्रहात तिच्या नावानं टांगलेलं आहे.

निकालानंतर ती पेढे घेऊन घरी आली. काय आनंद होता चेहऱ्यावर! "जुनी फळी रंधा मारून साफ केली, सर, अन् तिच्यावरच ह्यो सुलटा गड कोरला. तुमी चूक दावली म्हून जमलं."

म्हणजे ती मेंढरं आता पुन्हा कधीच छापली जाणार नाहीत. मी छान झालं म्हणालो, आणि तिच्यासमोर पेढा खाल्ला.