शेवंताबाईच्या चुंबळी

मोहाडीत कुणाचा कूलर खडखडला, की शेवंताबाईला बोलावणं यायचं. ती स्टँडच्या चारही पायांखाली धानाच्या तणसाच्या चुंबळी सरकवायची आणि कूलर डोक्यावरच्या पाण्याच्या गुंडीसारखा मुकाट बसायचा. तिच्या घरचा कूलर मात्र गिरणीसारखा धडधडायचा.

"आपल्याच कूलरले चुंबळ काहून नाही लावत वो?" नवरा, उरकुडाजी, विचारायचे.

"लावीन ना जी. तणीस तं सुकू द्या!" हे ऐन मे महिन्यात.

दुपारी ते कूलरपुढे आडवे झाले, की खिडकीबाहेर ओसरीत ती शेजारच्या कुंताबाईसोबत सुपारी कातरत बसायची. दिवसातला तेवढाच तास तिचा.

चौऱ्याऐंशी साली ती बाजाराला गेली असताना उरकुडाजींनी स्वतःच चुंबळी लावल्या. घरी येऊन तिनं ते पाहिलं आणि बाजाराची पिशवी रिकामी करायला घेतली.

दुसऱ्या दुपारी कूलर चालू होता, पण गप्प. ओसरीत शेवंताबाईनं घसा साफ केला आणि आत ऐकू जाईल अशी नवऱ्याची नक्कल सुरू केली. "वरणात मीठ कमी हाय वो!" कुंताबाई हसून लोळली. "आता तहसीलदारापुढं कसे बोलतेत, थे दाखव ना वं!"

शेवंताबाईनं हात जोडून तोंड उघडलं, तोच आत खाट करकरली, कूलरखालून काहीतरी ओढल्याचा आवाज झाला आणि कूलर पुन्हा धडधडू लागला.

तिनं अडकित्ता उचलला. "हं, आता बोल."