जंगलात न्यायचा चाकू

किस्से काही कुणी जमवायला जात नाही. चार माणसं दर महिन्याला डोंगरात गेली, एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं, की ते पायजम्याला कुसळं चिकटावीत तसे चिकटत जातात. किती आहेत ते घरी आल्यावर कळतं. आमच्या वाराणसीच्या मंडळींचे बहुतेक किस्से एकाच वस्तूला चिकटलेत. ती वस्तू म्हणजे पटवर्धन सरांचा चाकू.

मोबाइल यायच्या आधीची गोष्ट. बँकेनं माझी नागपूरहून बदली केली आणि मी दुर्गाघाटच्या गल्लीत भाड्यानं राहू लागलो. तिथे तिघं भेटले. पटवर्धन सर युनिव्हर्सिटीत जिऑलॉजी शिकवायचे. शिंदे रेल्वेत होते, मूळचे कोल्हापूरकडचे, तरुणपणी कुस्ती खेळलेले. आणि विनायकगुरुजी. त्यांच्या कित्येक पिढ्या काशीतच पौरोहित्य करत आलेल्या, त्यामुळे त्यांचं मराठी अर्ध्या वाटेत हिंदीला भेटून यायचं. महिन्यातून एका रविवारी आम्ही चौघं मिर्झापूरकडच्या धबधब्यांवर जायचो.

पहिल्याच ट्रिपला सरांनी पपई कापायला खिशातला घडीचा चाकू काढला. जरा जोर लावला तर पातं मागे फिरलं आणि थेट त्यांच्या बोटावर मिटलं. रुमाल बांधता बांधता शिंदे म्हणाले, "घडीचा चाकू सर, त्याचा भरवसाही घडीभराचाच."

सरांनी त्या दिवशी पपई खाल्ली नाही. परतताना जीपमध्ये एकच वाक्य बोलले, "पातं आणि मूठ एकाच लोखंडाची पाहिजे." त्या वाक्यानं आमचे पुढचे कितीतरी रविवार खाल्ले.

*

चाकू घ्यायला सर चौकातल्या दुकानात गेले ते फूटपट्टी, लोहचुंबक आणि भिंग घेऊन. बरोबर आम्ही तिघं. गुरुजी कुणाकडची पूजा आटोपून तसेच आलेले, कपाळावर गंध, खांद्यावर उपरणं.

सरांनी अकरा चाकू पाहिले. पात्याची जाडी मोजली. मुठीच्या आत पातं किती खोल गेलंय ते विचारलं. एक चाकू हातात घेऊन दोनदा हवेत खुपसून पाहिला आणि मान हलवली. दुकानदार बिचारा बराच वेळ बघत होता. शेवटी तो हळूच गुरुजींकडे सरकला.

"पंडितजी, मारना किसको है?"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "अभी तय नहीं हुआ. पहले चाकू तो पसंद आए."

*

दुकानात मनासारखा चाकू मिळाला नाहीच. मग शिंदे आम्हाला रामधनी लोहाराकडे घेऊन गेले. रामधनी जुन्या ट्रकच्या कमानपट्ट्यांतून कोयते घडवायचा. सरांनी कागदावर ड्रॉइंग काढून आणलं होतं. सहा इंच पातं, मुठीच्या टोकापर्यंत अखंड, दोन्ही बाजूंनी शिसवी लाकूड, तीन रिव्हेट. रामधनीनं कागद उलटा धरून नीट पाहिला आणि विचारलं, याचं काम काय?

सरांकडे यादी तयार होती. लाकूड फोडणं, दोर कापणं, फांद्या तोडणं, वेळ पडली तर खणणं. आणि सगळ्यात शेवटी, "संकट में जान बचाना."

"बाबूजी," रामधनी म्हणाला, "जान बचानी हो तो इतवार को घर पर रहिए."

पण चाकू त्यानं असा घडवला, की सरांनी धारेवरून अलगद अंगठा फिरवला आणि फूटपट्टी बाहेर काढलीच नाही. वाटेत तीनदा पिशवीत हात घालून चाकू आहे ना ते बघितलं.

*

दसऱ्याला शस्त्रपूजा आली. गुरुजी म्हणाले, "सर, नवं शस्त्र आहे. बिना पूजेचं जंगलात नेणं ठीक नाही. माझ्याकडे द्या, विधिवत होऊन जाईल."

विधिवत झालं. हळदकुंकू, झेंडूचं फूल, वर गंगाजल. मग तो ओला चाकू गुरुजींनी मोठ्या आदरानं चामड्याच्या म्यानात घातला आणि आठ दिवस देवघरात ठेवला. नवव्या दिवशी सरांनी बाहेर काढला तेव्हा पातं गुळाच्या ढेपेच्या रंगाचं झालं होतं.

सरांचा चेहरा पाहून मी खिडकीबाहेर बघू लागलो. बिनगंजी स्टील नको म्हणून त्यांनीच हट्ट धरला होता, त्याला धार टिकत नाही म्हणून. तेव्हा कुणाला बोलायचीही सोय नव्हती.

"गुरुजी," ते म्हणाले, "गंगाजल कधी खराब होत नाही म्हणता ना?"

"गंगाजल खराब झालंच नाही सर," गुरुजी म्हणाले. "खराब चाकू झाला."

*

एकदा एका छोट्या स्टेशनवर रेल्वे पोलिसांच्या दरोगानं आम्हाला अडवलं. सरांच्या पट्ट्याला चाकू लटकत होता. दरोगानं तो काढून घेतला आणि विचारलं, एवढं मोठं हत्यार कशासाठी?

शिंदेंनी सरांना डोळ्यांनी खुणावलं, की बोलू नका. पण सरांना रामधनीनंतर आपणहून कुणी हे विचारलंच नव्हतं. ते सांगू लागले. पातं मुठीत अर्धंच असेल तर काय होतं, कमानपट्ट्याचं लोखंड का चांगलं, धार कोणत्या कोनात लावायची. पाच मिनिटं झाली. दहा झाली. दरोगा एका पायावरून दुसऱ्या पायावर येत राहिला. तेवढ्यात गाडी आली.

दरोगानं चाकू सरांच्या हातात दिला आणि शिपायाला म्हणाला, "बिठा दो साहब को. जिसे खून करना होता है, वह इतना पढ़ता नहीं."

*

पुढच्या उन्हाळ्यात सर मोठे खुशीत होते. चाकू आता गंजतच नव्हता. पात्यावर कायम तेलाचा हलका हात फिरलेला दिसायचा. "लोखंड मुरलं," असं ते आम्हाला कौतुकानं सांगायचे.

एका शनिवारी युनिव्हर्सिटी लवकर सुटली म्हणून मला बरोबर घेऊन ते घरी आले. स्वयंपाकघरात सुधावहिनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसल्या होत्या. समोर भला मोठा कच्चा फणस, शेजारी वाटीत मोहरीचं तेल, आणि हातात तो चाकू. चीक लागू नये म्हणून पात्याला तेल चोळून त्या सपासप फोडी करत होत्या.

सर दारातच थांबले. "अगं, हा जंगलात न्यायचा चाकू आहे."

वहिनींनी वर पाहिलं नाही. "तुम्ही जंगलात महिन्यातून एकदा जाता. फणस आठवड्यातून दोनदा येतो."

*

आणि हा कार्तिकातला. पाणी उतरलं होतं, पण धारेला जोर होता. आम्ही चौघं रामनगरहून नावेनं परतत होतो. पैलतीराजवळ नावाड्यानं नाव जरा आवरली आणि शिंदेंनी नेहमीसारखी डुबकी मारली. पट्टीचे पोहणारे, त्यामुळे कुणी लक्षही दिलं नाही.

दहा-बारा हातांवर ते वर आले आणि म्हणाले, "पाय अडकलाय." आवाज अगदी साधा होता. मग ते खाली गेले. पुन्हा वर आले ते फक्त नाकापर्यंत. खाली कुणीतरी सोडून दिलेलं नायलॉनचं जाळं होतं.

नावाड्यानं वल्ही सोडली असती तर नाव धारेला लागली असती. मला पोहता येत नव्हतं, सरांनाही नाही. सर उभे राहून म्यानाचं बटण उघडायला बघत होते, पण ते काही सुटेना. गुरुजींनी उपरणं टाकलं, सरांचा हात बाजूला केला, चाकू ओढून काढला आणि धोतरासकट उडी मारली.

पाण्यावर काहीच दिसेना. नावाडी मोठ्यानं गंगामाईचं नाव घेत होता. मी सरांचं मनगट धरलं होतं की त्यांनी माझं, ते आता आठवत नाही.

मग शिंदेंचं डोकं वर आलं, आणि त्यांच्या काखेत हात घातलेले गुरुजी.

दोघांना नावेत ओढून घेतलं. शिंदे बराच वेळ पाणी ओकत राहिले आणि मग बसून रडले. गुरुजी धापा टाकत होते. त्यांच्या दोन्ही हातांत काही नव्हतं.

"सर," ते खाली मान घालून म्हणाले, "चाकू खालीच राहिला. यांना धरू का त्याला धरू, असं होऊन गेलं."

शिंदेंच्या घोट्याभोवती जाळ्याचा तुकडा अजून गुंडाळलेला होता. सर वाकले. तो हळूहळू सोडवला, चष्मा पुसला आणि नायलॉनचं कापलेलं टोक उन्हात धरून पाहिलं.

"बघा," ते म्हणाले, "एक धागा पिंजलेला नाही."